एका जोडीचा अखेरचा गीतसंग्रह

१९७० सालच्या जानेवारीच्या २६ तारखेस अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें अकरा गाण्यांची एक मोठी तबकडी बाजारांत आणली. पॉल सायमन आणि आर्ट गार्फंकल या दोघां तरुण गायकांनीं स्टुडिओंत तयार केलेला हा पांचवा संग्रह. आणि हाच त्यांचा शेवटचा. संग्रहाचें नांव 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', म्हणजे खवळलेल्या पाण्यावरचा पूल. वेष्टनावर दोघांचें छायाचित्र आहे. ठेंगणा सायमन पुढें आहे, उंच गार्फंकल त्याच्या पाठीमागें. आणि सायमनच्या डोक्यावरील दाट केसांआड गार्फंकलचें तोंड झांकलें गेलें आहे. छायाचित्र घेणाऱ्याच्या मनांत कांहीं विशेष हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या गाण्याच्या नांवावर हा सारा संग्रह खपला तें गाणें रचलें एकट्या सायमननें आणि गाइलें मुख्यतः गार्फंकलनें, हें ज्यास ठाऊक आहे त्यानें तें झांकलेलें तोंड पाहून क्षणभर थबकावें, यांत नवल नाहीं.

संग्रहास मिळालेलें यश थोडक्यांत सांगून मोकळे होऊं. अमेरिकेंत तो दहा आठवडे खपाच्या यादींत पहिला होता. इंग्लंडांत १९७० आणि १९७१ अशीं लागोपाठ दोन वर्षें सर्वांत अधिक खपलेला संग्रह हाच. १९७१ च्या मार्चमध्यें या संग्रहास व त्यांतील मुख्य गाण्यास मिळून सहा ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. पण तोंवर ती जोडी फुटली होती.

या यशाचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत व त्यांत भर घालण्याची आम्हांस हौस नाहीं. आमचें कुतूहल निराळें आहे. हा संग्रह आपण 'सायमन-गार्फंकल यांचा' म्हणतों. पण एकेक गाणें हातीं घेऊन त्याचा माग काढूं लागलें म्हणजे वाट कोठल्या कोठें जाते! एक वाट अलाबामांत जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय भजनगायकाकडे जाते, दुसरी पेरू देशांतील पर्वतांकडे, तिसरी भाड्याच्या घरांतील एका रात्रीच्या मेजवानीकडे. या सर्वांचें देणें कितपत मान्य केलें गेलें, कितपत फेडलें गेलें, आणि जोडींतील दोघांचें परस्परांस जें देणें होतें त्याची वाट काय झाली, हा हिशेब मांडून पाहण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

सायमन आणि गार्फंकल दोघेही १९४१ सालचे, दोघेही न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स या भागांत वाढलेले. १९५३ सालीं शाळेंत 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चें नाटक बसविलें गेलें. त्यांत सायमनला सशाचें सोंग मिळालें व गार्फंकलला मांजराचें. तेथें त्यांची मैत्री जमली. पुढें एव्हर्ली बंधूंच्या तबकड्या तरुणांच्या कानांत घुमूं लागल्या. सख्ख्या भावांचे ते जुळे आवाज ऐकून हे दोघे आपले आवाज एकमेकांत मिसळण्याचा सराव करूं लागले. १९५७ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीं 'टॉम अँड जेरी' या टोपणनांवानें एक तबकडी काढली आणि ती खपाच्या यादींत एकोणपन्नासाव्या जागेपर्यंत चढली. गार्फंकल तो 'टॉम' आणि सायमन तो 'जेरी'. लगोलग सायमननें गार्फंकलला न कळवितां निराळें टोपणनांव घेऊन एकट्याच्याच गाण्यांची दुसरी तबकडी काढली. ही गोष्ट गार्फंकलच्या मनाला फार लागली व कांहीं वर्षें त्यांचें बोलणेंचालणें बंद राहिलें. वरवर पाहतां हा पोरवयांतील रुसवा. परंतु वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

पुढें न्यूयॉर्कमध्यें ग्रीनिच व्हिलेजच्या कॉफीगृहांतून लोकगीतांची लाट उसळली, तींत हे दोघे पुन्हां एकत्र आले. १९६४ च्या ऑक्टोबरांत कोलंबियानें त्यांचा पहिला संग्रह काढला. दोन आवाज आणि साध्या गिटारी, एवढाच त्याचा थाट. आणि तो साफ पडला. सायमन इंग्लंडला निघून गेला, गार्फंकल आपल्या कॉलेजांत परतला. त्यानंतर १९६५ च्या जूनमध्यें टॉम विल्सन या निर्मात्यानें त्या पडलेल्या संग्रहांतील 'द साउंड ऑफ सायलेन्स' हें गाणें कपाटांतून काढलें, विजेच्या गिटारी आणि ड्रम वाजविणारे वादक बोलाविले आणि जुन्या गायनावर नवें वादन चढविलें. गायकांस त्यानें विचारलें नाहीं. १९६६ च्या जानेवारींत तें गाणें अमेरिकेंत पहिलें ठरलें. लोकगीताच्या व रॉकच्या या संकरास 'फोक रॉक' असें नांव पडलें होतें. ज्या दोघांकडे त्या प्रकाराचे धुरीण म्हणून लोक बोट दाखवितात, त्यांचें त्या प्रकारांतील पहिलें गाणें त्यांच्या पाठीमागें, त्यांच्या संमतीवांचून जन्मास आलें होतें.

येथें 'फोक' या शब्दाविषयीं थोडें बोललें पाहिजे. आपल्याकडे जात्यावर म्हटलेली ओवी कोणी रचली हें कोणी विचारीत नाहीं, कारण ओवीबद्दल कोणी कोणास पैसे देत नाहीं. तबकडीच्या धंद्यांत तसें चालत नाहीं. तेथें प्रत्येक चालीपुढें कोणाचें तरी नांव घालावें लागतें आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागें त्या नांवाला पैसा पोंचतो. अशा व्यवस्थेंत 'ही चाल लोकांची आहे' या म्हणण्याचा अर्थ उलटा होतो. सर्वांची चाल ती कोणाचीच नव्हे, आणि जो प्रथम नांव घालील त्याची! सायमनला इंग्लंडांत मार्टिन कार्थी या गायकाकडून 'स्कारबरो फेअर' हें जुनें गाणें मिळालें. त्याचा एक पाठ यूअन मॅकॉल यानें १९४७ सालीं उत्तर इंग्लंडांतील शिशाच्या खाणींत काम केलेल्या एका वृद्धाकडून टिपून घेतला होता. कार्थीनें गाण्याला गिटारीची एक नाजूक साथ बसविली होती. सायमन-गार्फंकल यांच्या १९६६ सालच्या संग्रहांत तें गाणें आलें तेव्हां त्याखालीं नांवें होतीं तीं या दोघांचींच. कार्थीला याचें पुष्कळ वर्षें वाईट वाटत राहिलें.

हा प्रसंग अखेरच्या संग्रहापूर्वींचा असला तरी सांगितल्यावांचून गत्यंतर नव्हतें, कारण अखेरच्या संग्रहांत तोच प्रश्न अधिक मोठ्या रूपानें पुढें आला. तो कसा, तें आम्ही ओघानें सांगूं. आधीं दोघां मित्रांची स्थिति पाहूं.

१९६७ सालच्या 'द ग्रॅज्युएट' या चित्रपटानें या जोडीचीं गाणीं घरोघर नेलीं. त्याचा दिग्दर्शक माइक निकोल्स यानें पुढच्या 'कॅच-२२' या चित्रपटासाठीं दोघांनाही भूमिका देऊं केल्या. नंतर सायमनची भूमिका कापून टाकली व गार्फंकलची ठेवली. १९६९ च्या जानेवारींत गार्फंकल मेक्सिकोला चित्रीकरणासाठीं गेला. तें काम लांबत लांबत महिने गेले. इकडे सायमन न्यूयॉर्कमध्यें एकटा बसून गाणीं लिहीत होता. या संग्रहांतील 'दि ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क' हें गाणें त्या दिवसांचें. त्यांत तो विमानानें मेक्सिकोला निघालेल्या मित्राला उद्देशून बोलतो आणि त्याला हांक मारतो ती 'टॉम' अशी. शाळकरी वयांतील तें टोपणनांव ज्यास माहीत नाहीं त्याला तो टॉम कोणी तरी परका इसम वाटेल. ज्यास माहीत आहे त्याला त्या एका शब्दांत प्रेम आणि टोचणी दोन्ही एकदम ऐकूं येतात. गाण्याच्या पाठीमागें जो मोठा, धुकट स्वरसमूह आहे, तो या दोघांनींच प्रतिध्वनीच्या खोलींत उभें राहून, आपलेच आवाज एकावर एक कितीदां तरी चढवून तयार केला आहे. एकटेपणाचें गाणें, आणि त्याच्या मागें दोघेही!

आतां त्यांच्या कामाच्या पद्धतीविषयीं. रॉय हॅली हा ध्वनिमुद्रण करणारा तज्ज्ञ या जोडीचा तिसरा भागीदारच म्हटला पाहिजे. संग्रहाचे निर्माते म्हणून तिघांचींही नांवें आहेत. त्या काळीं कोलंबियाच्या यंत्रांवर ध्वनिफितीवर एका वेळीं आठ निरनिराळे थर घेतां येत. 'द बॉक्सर' या गाण्याला तेवढे पुरेनात, म्हणून हॅलीनें अशीं दोन यंत्रें एकाच वेळीं चालवून सोळा थरांचें काम साधलें. त्या गाण्याचा कांहीं भाग नॅशव्हिलमध्यें घेतला, कांहीं न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत, आणि शेवटच्या आळवणींतील आवाज घेतले ते कोलंबिया विद्यापीठांतील सेंट पॉलच्या प्रार्थनामंदिरांत, तेथील घुमटाखालच्या घुमाऱ्यासाठीं. ड्रमचा जो एकच दणका त्यांत पुन्हां पुन्हां येतो, तो हॅल ब्लेननें स्टुडिओबाहेरच्या बोळांत, लिफ्टच्या दाराशीं ड्रम मांडून वाजविला. वाजवितां वाजवितां लिफ्टचें दार उघडून आंतून एक पहारेकरी बाहेर आला आणि त्या दणक्यानें भेदरून गेला, असें ब्लेन पुढें हंसत सांगत असे. अशा रीतीनें एका गाण्यावर शंभराहून अधिक तास खर्ची पडले.

या खटाटोपास कोणी कृत्रिम म्हणेल. लोकगीताच्या साधेपणाचे अभिमानी त्या वेळींही तसेंच म्हणत होते. आम्हांस तें म्हणणें पटत नाहीं. 'द बॉक्सर' हें एका कंगाल मुष्टियोद्ध्याचें गाणें आहे. तें आरंभीं गिटारीच्या दोन-चार तारांवर सुरू होतें आणि अखेरीस सारें देऊळ दणाणून सोडतें. हा चढ नुसत्या गिटारीवर साधला नसता.

उलट 'सिसिलिया' या गाण्याची कथा. सायमननें १९६९ च्या उन्हाळ्यांत लॉस एंजेलिसमध्यें एक घर भाड्यानें घेतलें होतें. एका रात्रीं मित्रमंडळी जमलेली असतांना कोणी पियानोच्या बांकावर थापा मारूं लागला, कोणी मांड्यांवर, आणि एक ठेका जमला. घरगुती यंत्रावर तो ठेका टिपून घेतला गेला. दुसऱ्या दिवशीं ऐकतां त्यांतील एक लहानसा तुकडा फार बहारीचा वाटला. हॅलीनें तोच तुकडा पुन्हां पुन्हां जोडून लांबविला आणि त्यावर सायमननें गाणें रचलें. खपलेल्या तबकडीवर त्या रात्रीच्या टाळ्या अजून ऐकूं येतात. त्यांतील थापा कोणाकोणाच्या, याची वांटणी कोण करणार?

आतां मुख्य गाण्याच्या जन्माकडे वळूं. त्या काळांत सायमन स्वान सिल्व्हरटोन्स या भजनी मंडळाची एक तबकडी रात्रंदिवस लावून बसे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनागीतांस 'गॉस्पेल' म्हणतात. त्या परंपरेंतील हें एक नामांकित मंडळ. त्याचा मुख्य गायक क्लॉड जीटर हा १९१४ सालीं अलाबामांत जन्मला. तरुणपणीं तो वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींत काम करी, आणि १९३८ सालीं तेथेंच सोबत्यांना घेऊन त्यानें आपलें मंडळ उभें केलें. पुरुषाच्या गळ्यांतून निघणारा त्याचा उंच, बारीक, तरीही न चिरकणारा आवाज हा त्या मंडळाचा प्राण. १९५९ सालच्या एका गीतांत तो मध्येंच, आपले कीर्तनकार जसे पदाच्या मध्यें आपल्या पदरचे बोल घालतात तसा, खोल पाण्यावर भक्तासाठीं पूल होण्याचें देवाचें अभिवचन आळवून जातो. तें वाक्य मूळ गीतांतील नव्हे; गातां गातां सुचलेलें. सायमनच्या गाण्याचें बीज तें. त्यानें ही गोष्ट कधीं लपविली नाहीं.

चाल आणि दोन कडवीं इतक्या झपाट्यानें सुचलीं कीं हें आपल्या नेहमींच्या ताकदीपलीकडचें आहे असें खुद्द सायमनलाच वाटलें. मग त्यानें तें गाणें गार्फंकलला गावयास सांगितलें. गार्फंकल प्रथम नको म्हणाला. सायमनचा स्वतःचा उंच, हळुवार आवाजच त्याला या गाण्याला योग्य वाटत होता. सायमननें आग्रह धरला. गार्फंकलच्या गळ्यासाठीं पट्टी बदलली गेली. लॅरी नेक्टेल हा पियानोवादक गार्फंकलबरोबर कित्येक दिवस बसला आणि गिटारीवर बांधलेल्या चालीचें त्यानें प्रार्थनामंदिरांतल्या पियानोच्या साथींत रूपांतर केलें. ही साथ वगळली तर त्या गाण्याचें अर्धें तेज जाईल. साथीच्या रचनेबद्दल जें ग्रॅमी मिळालें त्यांत नेक्टेलचाही वांटा होता, ही योग्यच गोष्ट झाली. तिसरें कडवें मुळांत नव्हतेंच. गार्फंकल व हॅली यांनीं गाण्याला मोठा शेवट हवा म्हणून हट्ट धरला आणि सायमननें तें स्टुडिओंत बसून लिहून दिलें. त्याच्या पत्नीला आपल्या डोक्यांत दोन-चार पांढरे केस दिसले होते, ती घरगुती थट्टा त्या कडव्यांत शिरली आहे. आमच्या मतें हें कडवें पहिल्या दोहोंच्या तोडीचें नाहीं. तथापि पियानोमागून ड्रम येतात, तंतुवाद्यें येतात आणि गार्फंकलचा आवाज शेवटच्या स्वरावर जाऊन ठाकतो, तेव्हां हें मत टिकवून धरणें आम्हांसही जड जातें.

तंतुवाद्यांवरून एक गंमत आठवली. त्यांची स्वररचना करणाऱ्या एर्नी फ्रीमनला गाण्याचें नांव नीट ऐकूं आलें नव्हतें. त्यानें लिहून आणलेल्या कागदांवर 'पाण्याच्या घागरीसारखें' अशा अर्थाचें भलतेंच शीर्षक होतें! शब्द न कळतांही त्यानें केलेलें काम चोख ठरलें.

गाणें तयार झालें आणि दोघांमधील जुनी सल उघडी पडली. १९६९ च्या हिवाळ्याच्या सुमारास त्यांनीं गांवोगांव जलसे केले. त्यांत या गाण्याच्या वेळीं नेक्टेल पियानोवर बसे, गार्फंकल एकटा उभा राही, आणि सायमन पडद्याआड जाई. गाणें संपलें कीं लोक उठून उभे राहत आणि टाळ्या थांबत नसत. आडोशाला उभ्या असलेल्या सायमनच्या मनांत येई कीं हें गाणें माझें आहे. ही भावना त्यानें स्वतःच पुढें कबूल केली आहे, आणि ती देऊन टाकल्याचा पश्चात्तापही. त्याला कोणी क्षुद्र म्हणूं नये. पण त्याच वेळीं आम्हांस असेंही वाटतें कीं, तें गाणें त्यानें स्वतः गाइलें असतें तर त्या टाळ्या त्याच्याही वांट्यास आल्या नसत्या.

आतां पेरूच्या गाण्याकडे येऊं. संग्रहांतील दुसरें गाणें 'एल कोंडोर पासा'. १९६५ सालीं पॅरिसमध्यें एका जलशांत सायमननें लोस इंकास या मंडळाकडून ही धून ऐकली. मंडळाचा चालक होर्खे मिल्चबर्ग यानें त्याला सांगितलें कीं ही अँडीज पर्वतांतील फार जुनी लोकधून आहे. सायमननें त्या मंडळाचें आधींच झालेलें वादन तसेंच्या तसें घेतलें, त्यावर इंग्रजी शब्द रचले आणि गाइले. म्हणजे तुम्ही तें गाणें ऐकतां तेव्हां शब्द व आवाज न्यूयॉर्कचे असतात आणि पांवा व तारा पॅरिसमधील परदेशस्थ वादकांच्या. मिल्चबर्गचें नांव तबकडीवर घातलें गेलें. प्रामाणिकपणाला एवढें पुरे, असें सायमनला वाटलें असावें.

परंतु ती धून अनाम नव्हती. तिचा कर्ता डॅनियल आलोमीआ रोब्लेस हा १८७१ सालीं पेरूंतील वानुको येथें जन्मला आणि १९४२ सालीं वारला. त्यानें वर्षानुवर्षें डोंगरांतल्या खेड्यापाड्यांतून हिंडून लोकांच्या चाली गोळा केल्या. १९१३ सालीं लिमा शहरीं त्याचें 'एल कोंडोर पासा' हें संगीत नाटक रंगभूमीवर आलें. स्पॅनिश लोक अशा नाटकास सार्सुएला म्हणतात. नाटकाचा विषय सेरो दे पास्को येथील खाणी, तेथें राबणारे पेरूचे मजूर आणि त्यांना राबविणारे परकी मालक असा होता. कोंडोर हा त्या पर्वतांवरील प्रचंड गिधाडाच्या जातीचा पक्षी. मजुरांच्या डोक्यांवरून तो जातो, तेंच नाटकाचें नांव. जी धून जगानें सायमनच्या तोंडून ऐकली ती या नाटकाच्या संगीतांतील. पुढें रोब्लेस १९१९ पासून १९३३ पर्यंत न्यूयॉर्कमध्येंच राहिला होता, आणि १९३३ सालीं त्या धुनीची नोंद अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें रीतसर झाली होती. सायमनच्याच शहरांतील, सायमनच्याच देशाच्या दप्तरांतील ही गोष्ट त्याला पॅरिसच्या वाटेनें 'अनाम' होऊन भेटली!

१९७० सालीं रोब्लेसचा मुलगा, पेरूंतील चित्रपटदिग्दर्शक आर्मांडो रोब्लेस गोडोय, यानें न्यूयॉर्कमध्यें दावा लावला. दाव्यांत कडवटपणा आला नाहीं. सायमननें चोरी केली असें खुद्द त्या मुलाचेंही म्हणणें नव्हतें. अजाणतेपणीं झालेली चूक म्हणून तो प्रश्न सामोपचारानें मिटला आणि रोब्लेसचें नांव त्या गाण्यापुढें लागूं लागलें. २००४ सालीं पेरू सरकारनें ही धून राष्ट्राच्या सांस्कृतिक वारशाचा भाग म्हणून जाहीर केली.

तरीही प्रश्न पुरता सुटतो असें नाहीं. रोब्लेसनें तरी ती धून कोठून घेतली? ज्या माणसानें आयुष्य डोंगरांतील चाली टिपण्यांत घालविलें, त्याच्या रचनेंत त्या चालींचा अंश किती आणि त्याचा स्वतःचा किती, यावर संगीतज्ञांत वाद आहेत. ज्या गुराख्यानें पांव्यावर तसले स्वर प्रथम फुंकले असतील त्याच्या वारसांना न्यूयॉर्कमध्यें दावा लावतां आला नसता. आणि आणखी एक गोष्ट मनांत येते. कार्थीचें गाणें ज्या परंपरेंतून आलें तींत शिशाच्या खाणींतला एक म्हातारा होता, पुलाचें बीज देणारा जीटर कोळशाच्या खाणींतून आला, आणि ही धून रचली गेली ती सेरो दे पास्कोच्या खाणमजुरांच्या नाटकासाठीं.

संग्रहांत बारा गाणीं असावयाचीं होतीं. बाराव्यावरून भांडण झालें. सायमननें क्यूबा आणि अध्यक्ष निक्सन यांच्यासंबंधीं एक राजकीय गाणें लिहिलें होतें; गार्फंकलला तें नको होतें, त्याला बाखचें एक स्तोत्र गावयाचें होतें; सायमनला तें नको होतें. दोघेही हटले नाहींत आणि संग्रह अकरांवरच थांबला. राजकारणाचें गार्फंकलला वावडें होतें असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. १९६९ च्या ३० नोव्हेंबरला दोघांनीं मिळून टेलिव्हिजनवर एक तासाचा कार्यक्रम सादर केला. त्यांत व्हिएतनामचें युद्ध होतें, मजुरांचे लढे होते. नव्या पुलाच्या गाण्याबरोबर केनेडी बंधू व मार्टिन लूथर किंग यांचीं दृश्यें दाखविलीं होतीं. खर्च देणाऱ्या टेलिफोन कंपनीला हें रुचलें नाहीं व तिनें आपलें नांव काढून घेतलें. खवळलेलें पाणी म्हणजे काय, हें त्या वर्षीं अमेरिकेंत कोणाला समजावून सांगावें लागत नव्हतें.

पण या संग्रहांतील खरा निरोप एका अगदीं शांत गाण्यांत आहे. गार्फंकल कॉलेजांत असतांना कांहीं काळ वास्तुशास्त्र शिकला होता. प्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट याच्यावर एक गाणें लिही, असें तो सायमनला म्हणाला. सायमनला राइटविषयीं कांहींच माहिती नव्हती. त्यानें 'सो लाँग, फ्रँक लॉइड राइट' हें निरोपाचें गाणें लिहिलें. त्यांत इमारती जवळजवळ नाहींतच, आहेत त्या रात्रीं जागून एकत्र केलेल्या गाण्याच्या आठवणी. तें गाणें त्यानें गार्फंकललाच गावयास दिलें. हा निरोप आपल्यालाच आहे हें गातांना गार्फंकलला उमजलें नाहीं, असें पुढें दोघांच्या बोलण्यांतून बाहेर आलें. गाणें विरत जातें तेव्हां दूरवरून रॉय हॅलीचा आवाज ऐकूं येतो; तो गार्फंकलला त्याच्या घरगुती नांवानें हांक मारून निरोप देत आहे. स्टुडिओंतील थट्टाच ती. पण तबकडींत राहून गेली.

शेवटून दुसरें गाणें 'बाय बाय लव्ह'. तें त्यांनीं आयोवा संस्थानांतील एम्स गांवीं जलशांत गाइलें, तें श्रोत्यांच्या टाळ्यांसकट घेतलें आहे. एव्हर्ली बंधूंचें तें १९५७ सालचें गाणें. रचणारे फेलिस व बूडलो ब्रायंट हें नवराबायकोंचें जोडपें. ज्या भावांची नक्कल करून हे दोघे गावयास शिकले, त्यांचेंच गाणें जातां जातां म्हणून ते मोकळे झाले. संग्रहाचें शेवटचें गाणें मात्र सायमन एकटा गातो.

देण्याघेण्याचा उरलेला हिशेब असा. १९७१ सालीं अरीथा फ्रँकलिननें पुलाचें गाणें पुन्हां गॉस्पेलच्या ढंगांत गाइलें आणि पुढच्या वर्षीं त्याबद्दल तिला ग्रॅमी मिळालें. प्रार्थनामंदिरांतून निघालेलें बीज प्रार्थनामंदिरांत परत गेलें. सायमननें क्लॉड जीटरला गांठून पैसे दिले, आणि १९७३ सालच्या आपल्या संग्रहांत एका गाण्यांत त्याला गावयासही बोलाविलें. जीटरचा तो उंच आवाज तेथें ऐकावयास मिळतो. मार्टिन कार्थीला २००० सालीं लंडनच्या रंगमंचावर बोलावून सायमननें त्याच्याबरोबर 'स्कारबरो फेअर' गाइलें, तेव्हां तें जुनें शल्यही निघालें. म्हणजे परक्यांचीं देणीं, उशिरा कां होईना, एकेक करून भागलीं.

राहिलें तें घरचें. १९८१ च्या १९ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें दोघे पुन्हां एकत्र गाइले आणि पांच लाखांच्या जवळपास लोक जमले. नंतरही ते अधूनमधून एकत्र आले आणि प्रत्येक वेळीं दुरावले. २०१८ सालीं सायमननें निरोपाचा दौरा काढला. त्यांत तो पुलाचें गाणें स्वतः गाई, आणि आपलें हरवलेलें मूल आपण परत घेत आहों अशा अर्थाचें कांहीं तरी गाण्यापूर्वीं म्हणे. दौऱ्याचा शेवटचा जलसा २२ सप्टेंबरला क्वीन्समधील उद्यानांत झाला. ज्या वस्तींत सशाचें आणि मांजराचें सोंग घेऊन दोन मुलें भेटलीं होतीं, ती तेथून फार दूर नाहीं. गार्फंकल त्या रंगमंचावर नव्हता.